दुकानातली गाडी ४८० ला, मोबाईलवरची ३९९ ला : मग स्वस्त कोणती?



नाताळ पंधरा दिवसांवर आला की दहिसरच्या आमच्या गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. बचत भरून होते, हप्ते होतात, वहीवर सह्या होतात आणि उठता उठता कोणीतरी पर्समधून मोबाईल काढते. "ताई, ही रिमोटची गाडी बघा. स्टेशनजवळच्या दुकानात साडेपाचशे सांगतात. इथं ३९९ ला आहे. मागवू का?"

ज्यांनी दहिसर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पश्चिम रेल्वेवर मुंबईच्या हद्दीतलं हे शेवटचं स्टेशन. पलीकडे मीरा रोड, भाईंदर, मग खाडी ओलांडली की वसई. अलीकडे बोरिवलीची आय. सी. कॉलनी. तिथं डिसेंबर लागला की दारोदारी चांदण्या आणि गव्हाणीचे देखावे दिसतात. आमच्या बऱ्याच जणी त्या बाजूला घरकामाला जातात. गोराई, उत्तन, वसईकडच्या ख्रिस्ती सख्यांच्या घरी तर मोठा सणच. पण आता बालवाडीतसुद्धा सांताक्लॉज येतो, त्यामुळे घर कोणतंही असो, पोरांना पंचवीस तारखेला काहीतरी हवंच असतं. हट्ट त्यांचा, हिशोब आपला.

गेल्या वर्षी आम्ही ठरवलं, "मागवू का?" या प्रश्नाला तोंडी उत्तर द्यायचं नाही. गटाच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडायचा आणि मग ठरवायचं. तोच पाठ या अंकात देत आहे. तुमच्या गावातल्या किमती वेगळ्या असतील, रीत मात्र हीच ठेवा.

आधी ४८० आणि ३९९ चा हिशोब

दुकानदाराने ५५० सांगितले. दोघी-तिघी मिळून गेल्या, थोडी घासाघीस केली, ४८० ला सौदा झाला. त्यात त्याने सेल घालून गाडी जमिनीवर चालवून दाखवली आणि सेल तसेच आत राहू दिले. दुकान चालत जाण्याच्या अंतरावर, म्हणजे भाडं नाही. एकूण ४८०.

आता मोबाईल. गाडी ३९९. पुढच्या पानावर गेलो तर डिलिव्हरीचे ६०. घरी आल्यावर रोख पैसे देणार म्हटलं तर त्याचे ९. गाडीला तीन आणि रिमोटला दोन असे पाच पेन्सिल सेल लागतात, ते खोक्यात नाहीत. हे बारीक अक्षरात सगळ्यात खाली लिहिलेलं होतं. बारा रुपयांप्रमाणे पाच सेलचे ६०. बेरीज करा : ३९९ अधिक ६० अधिक ९ अधिक ६०, झाले ५२८. सेलमध्ये घेतली आणि सेलच नाहीत, असं म्हणून बैठकीत बराच वेळ हसाहशी झाली.

म्हणजे ८१ रुपये स्वस्त दिसणारी गाडी प्रत्यक्षात ४८ रुपये महाग पडत होती. मोबाईलवर पहिल्या पानावरची किंमत कधीच वहीत लिहू नका. पैसे भरण्याच्या आधीचं जे शेवटचं पान येतं, तिथली एकूण रक्कम लिहा, आणि खेळणं चालायला जे लागेल ते त्यात मिळवा. तिथपर्यंत गेलं म्हणजे घ्यावंच लागतं असं नाही. पैसे न भरता मागे फिरता येतं.

पण थांबा. हाच हिशोब खेड्यातल्या सखीसाठी उलटा येऊ शकतो. तुमच्याकडे खेळण्याचं दुकान तालुक्याला आहे असं धरू. एस.टी.मध्ये मार्च २०२३ पासून आपल्याला निम्मं तिकीट आहे, तेव्हा येऊन-जाऊन १२० चे ६० होतात. ४८० अधिक ६०, झाले ५४०. आता मोबाईलवरची ५२८ ची गाडी स्वस्त ठरते, आणि तुमचा अर्धा दिवसही वाचतो. तेच जर आठवडी बाजाराला किंवा बँकेत तुम्ही जाणारच असाल, तर ते ६० रुपये गाडीवर टाकायचे नाहीत. पुन्हा दुकान स्वस्त. म्हणून शेजारणीने काय केलं ते विचारून उपयोग नाही. तुमचं घर कुठे आहे आणि तुम्ही कुठे जाणारच आहात, त्यावर उत्तर बदलतं.

क्रॉफर्ड मार्केटची वारी आणि आपली मजुरी

मग एकीने सुचवलं की बारा जणींना बारा गाड्या हव्यात, तर घाऊक बाजारातूनच आणू. दहिसरहून लोकलने मरीन लाइन्सला उतरायचं, लोहार चाळीतून चालत क्रॉफर्ड मार्केट गाठायचं. महात्मा फुले मंडई हे त्याचं आताचं नाव, पण लोक अजून क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. आसपासच्या गल्ल्यांत खेळण्यांची घाऊक दुकानं आहेत. तिथं डझनाचा भाव ३२० रुपये नग मिळाला.

बारा नगांचे ३,८४०. दोघींचं तिकीट, चहा, वडापाव मिळून १८०. साठ सेल पेटीच्या भावाने सहा रुपयांप्रमाणे ३६०. झाले ४,३८०. बाराने भागलं तर एक गाडी ३६५ ला. दुकानापेक्षा ११५ रुपये कमी! सगळ्या खूश.

मी विचारलं, ज्या दोघी जाणार त्यांच्या कामाचा खाडा होईल, त्याचं काय? त्यावर एक काकू म्हणाल्या, "आपली कसली मजुरी? पोरांसाठी तर जायचं." यावर आमचा वाद झाला, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. दोघींचा एकेका दिवसाचा खाडा म्हणजे साडेचारशेप्रमाणे ९०० रुपये. ते गेले ते त्या दोघींच्या घरचे, आणि स्वस्त गाड्या मिळाल्या बाराजणींना. हे ९०० मिळवले तर एकूण ५,२८०, म्हणजे एक गाडी ४४० ला. तरीही दुकानापेक्षा ४० रुपयांनी कमीच. फायदा आहे, पण ११५ चा नाही. आणि बाजारातून आणलेल्या बारांपैकी एक जरी बंद निघाली, तर घाऊकवाला सहसा बदलून देत नाही. बारा गाड्यांवर मिळून ४८० वाचले होते, त्यातले ३२० तिथेच गेले.

शेवटी आम्ही गेलो. पण वर्गणी ४४० ची काढली आणि दोघींना त्यांचा खाडा भरून दिला. काकूंनीच पैसे मोजून दिले. आपल्या वेळेला किंमत नाही असं आपणच म्हणतो, हे गटाच्या हिशोबातसुद्धा खपवून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

"तेच" खेळणं म्हणजे नक्की कोणतं?

दोन किमती लावून बघायच्या तर वस्तू एकच हवी. हे वाटतं तितकं सोपं नाही. आमच्या एका ताईने मुलीसाठी भातुकलीचा किचन सेट मागवला. फोटोत एक मुलगी त्याच्यासमोर उभी राहून पोळ्या लाटत होती. ३४९ रुपये भरले. घरी आला तो ताटलीत मावेल एवढा. बोटभर गॅस, नखाएवढ्या वाट्या. पानावर खाली माप दिलेलं होतं, सेंटिमीटरमध्ये. ते कोणी वाचलं नव्हतं. परत पाठवायचं ठरवलं तर न्यायला येणाऱ्या माणसाला वस्तीतला पत्ता सापडेना; दोनदा "ग्राहक घरी नाही" असा निरोप आला, ताई दारातच बसलेली. शेवटी ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तेव्हा तीन आठवड्यांनी पैसे आले. तोवर नाताळ होऊन गेला होता आणि पोरगी रडते म्हणून दुकानातून दुसरा सेट घेऊन झाला होता.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे : माप वाचायचं आणि शिलाईची टेप घेऊन जमिनीवर तेवढं मोजून बघायचं. २० सेंटिमीटर म्हणजे साधारण एक वीत. विटेएवढ्या किचन सेटला ३४९ द्यायचे का, हे मग स्वतःच ठरवा. बाकी कंपनीचं नाव, मॉडेल नंबर आणि खोक्यात किती नग, एवढं जुळलं तर ती "तीच" वस्तू. नुसता रंग जुळून चालत नाही. रचायच्या ठोकळ्यांच्या बाबतीत दुकानात शंभर नगांचा डबा आणि मोबाईलवर साठ नगांचा असतो, फोटो मात्र सारखाच.

खोडलेली किंमत

मोबाईलवर १,९९९ खोडून ३९९ लिहिलेलं असतं, शेजारी "८० टक्के सूट". ही १,९९९ कुठून आली? ती छापील किंमत, म्हणजे एमआरपी. कायद्याने पाकिटावर ती सगळ्या करांसह छापावी लागते आणि तिच्यापेक्षा जास्त कोणी घेऊ शकत नाही. पण ती जास्तीत जास्त किंमत आहे, खरी किंमत नव्हे. छापणारा हवी तेवढी छापू शकतो. म्हणून खोडलेल्या आकड्याकडे बघायचंच नाही. दुकानातसुद्धा "छापील बाराशे, तुम्हाला सहाशेला देतो" म्हणतात, ते याच जातीचं.

तसंच "फक्त २ शिल्लक", "१० मिनिटांत ऑफर संपणार" असं जे घड्याळ फिरत असतं, ते खोटं असेल तर तो गुन्हेगारीचाच भाऊ समजा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या अशा १३ युक्त्यांची यादी करून त्यांवर बंदी घातली. खोटी घाई करायला लावणं आणि आपल्याला न विचारता बिलात दान किंवा विमा घुसवणं, हे दोन्ही त्यात आहे. शेवटच्या पानावर असं काही आपोआप टिक झालेलं दिसलं तर काढून टाका.

आणखी एक गोष्ट दुकानात विचारण्यासारखी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेलवर न चालणाऱ्या खेळण्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बाहुली, कोडी, तीनचाकी सायकल यात येतात. जुनं लेबल दाखवून जुनीच किंमत कोणी मागत असेल तर हसत हसत आठवण करून द्या.

किंमत बघण्याआधी शिक्का बघा

आतापर्यंत पैशाचं बोललो. आता जे सांगते ते पैशाच्या आधी बघायचं आहे.

२०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्लीच्या बाजारातून १२१ प्रकारची परदेशी खेळणी घेऊन तपासली. त्यातली जवळजवळ ६७ टक्के सुरक्षिततेच्या चाचणीत नापास झाली. त्यानंतर सरकारने नियम केला : १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का हवाच, देशी असो की परदेशी, दुकानातलं असो की ऑनलाइन. तरी बिनशिक्क्याचा माल चालूच राहिला. डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या महिनाभरात भारतीय मानक ब्युरोने छापे घालून मोठ्या मोठ्या दुकानांतून १८,६०० खेळणी जप्त केली, आणि तीन मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोटीस गेली. तेव्हा मॉल म्हणजे चांगलं किंवा मोबाईल म्हणजे खात्रीचं, असं काही नाही.

शिक्का कसा वाचायचा? आयएसआयच्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो. साध्या खेळण्यासाठी आयएस ९८७३, सेलवर किंवा विजेवर चालणाऱ्यासाठी आयएस १५६४४. चिन्हाच्या खाली "सीएम/एल" आणि पुढे लायसन्सचा नंबर. मोबाईलवर "बीआयएस केअर" नावाचं सरकारी अॅप फुकट मिळतं. त्यात हा नंबर टाकला की लायसन्स कोणाचं आहे आणि चालू आहे का, ते कळतं. आमच्या बैठकीत एका खोक्यावरचा नंबर टाकला तर काहीच निघालं नाही. नुसतं चिन्ह छापलं होतं. ऑनलाइन घेताना खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो दिलेला असेल तर मोठा करून बघा. नसेल आणि वर्णनातही आयएसआयचा उल्लेख नसेल, तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर जास्तच जपा. बटणासारखे चपटे गोल सेल असतात ना, ते गाणाऱ्या बाहुलीत, लुकलुकणाऱ्या चांदणीत, सांताच्या टोपीत घातलेले असतात. मुलाने तो गिळला आणि अन्ननळीत अडकला तर दोन तासांतही आतून भाजून भोक पडू शकतं. त्या सेलचं झाकण स्क्रूने बंद केलेलं हवं, नुसतं नखाने उघडणारं नको. आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी "उद्या शौचाला पडेल" म्हणून थांबू नका. लगेच मोठ्या हॉस्पिटलला जा. ही तपासणी दुकानात हातात घेऊन करता येते, मोबाईलवर नाही. माझ्या मते लहान मुलांचं सेलवालं खेळणं दुकानातूनच घ्यावं, पन्नास रुपये जास्त गेले तरी.

कापडी बाहुल्या शिवणाऱ्या गटांसाठी एक सूचना. सावंतवाडीची लाकडी खेळणी किंवा आपण शिवलेल्या बाहुल्या यांच्यावर शिक्का दिसत नाही, मग त्या बेकायदा का? हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना या नियमातून सूट आहे. पण नोंदणी हवी. तुमच्या गटाने नाताळच्या स्टॉलसाठी बाहुल्या केल्या असतील आणि कारागीर ओळखपत्र काढलेलं नसेल, तर सहयोगिनीशी बोलून ते काम आधी करा. आणि विकताना बाहुलीचे डोळे मण्यांचे लावू नका, दोऱ्याने भरा. मणी ओढून निघतात आणि तोंडात जातात.

मागवायचंच ठरलं तर

मोबाईलवर घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. गोष्टीची पुस्तकं, बुद्धिबळ, रंगपेट्या, ओळखीच्या कंपनीचे ठोकळे हे तिथं बऱ्याचदा खरोखर स्वस्त मिळतात आणि फसायची भीती कमी. घ्यायचं दुकानातूनच असलं तरी तिथली किंमत आधी बघून जा. दुकानदाराला स्क्रीन दाखवली की भाव खाली येतो, हा आमचा अनुभव. मात्र त्याचीही बाजू समजून घ्या. त्याला गाळ्याचं भाडं आहे, आणि वेळेला तोच उधार देतो, तुटकं बदलून देतो. अगदी मोबाईलच्या भावाला आणायचा हट्ट धरू नये.

ऑनलाइन घेताना विकणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तू कोणत्या देशात बनली आणि परतीचे नियम हे दिसायला हवेत, असं २०२० चे ई-कॉमर्सचे नियम सांगतात. परत घेणार नसतील तर खेळणं मागवू नका. खोकं उघडताना घरातल्या कोणालातरी व्हिडिओ काढायला सांगा. तुटकं निघालं तर तोच पुरावा. तक्रार केल्यावर ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला कंपनी बांधील आहे. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. व्हॉट्सअॅपसाठी नंबर ८८००००१९१५.

व्हॉट्सअॅपवर "नाताळ धमाका, सायकल ९९ रुपयांत" अशी लिंक आली तर उघडू नका, दुसऱ्या गटातही टाकू नका. पैसे परत देतो म्हणून कोणी पिन टाकायला सांगितला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० ला फोन.

"आता घ्या, पुढच्या महिन्यात भरा" हे बटण मला सगळ्यात जास्त खटकतं. पाचशेच्या गाडीसाठी हप्ता चुकला की दंड लागतो आणि उद्या बँकेच्या कर्जाला तीच नोंद आडवी येते. गटाच्या अंतर्गत कर्जातूनही खेळणी घेऊ नयेत असं आमच्या गटात ठरलं आहे. त्याऐवजी ऑगस्टपासून दर महिन्याला शंभर रुपये वेगळे ठेवतो. डिसेंबरपर्यंत पाचशे होतात. यंदा राहून गेलं असेल तर पुढच्या वर्षीसाठी लिहून ठेवा.

बैठकीत करायचा अभ्यास

येत्या बैठकीला प्रत्येकीने घरच्या मुलाला हवं असलेलं एकच खेळणं ठरवून यावं. वहीवर तीन रकाने आखा : जवळचं दुकान, तालुका किंवा घाऊक बाजार, मोबाईल. प्रत्येकात वस्तूची किंमत, भाडं किंवा डिलिव्हरी, सेल आणि खाडा झाला तर मजुरी लिहा. वर माप, नगांची संख्या आणि शिक्क्याचा नंबर. शिक्का नसेल त्या रकान्यावर काट मारा, बेरीज करायची गरज नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बोलावं, शेजारणीने लिहावं. शिलाईची टेप आणि एक स्मार्टफोन बैठकीत असू द्या. हे सगळं २० डिसेंबरच्या आत उरका, कारण त्यानंतर मागवलेलं पंचवीस तारखेला पोचेल याचा भरवसा नाही. तुमच्या गटात कोणता रकाना जिंकला ते वहीच्या पानाचा फोटो काढून सहयोगिनीकडे पाठवा, जानेवारीच्या अंकात छापू.